कारखान्याची जमीन : लेप टिकतो तो पूर्वतयारीवर

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली आणि त्यानंतर राज्यात ठिकठिकाणी औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. भोसरी, अंबड, सातपूर, वाळूज, शिरोली, गोकुळ शिरगाव येथील लहान-मोठ्या शेडमध्ये लेथ, मिलिंग, प्रेस आणि वेल्डिंगची कामे चालतात. या शेडमध्ये यंत्रांची निगा राखली जाते, छपराची गळती थांबवली जाते. परंतु ज्या जमिनीवर हे सारे उभे असते तिच्याकडे मात्र बहुधा कोणाचे लक्ष जात नाही. काँक्रीटच्या जमिनीतून पावडर सुटू लागते, तेलाचे डाग आत मुरतात, झाडू मारला की धुरळा उठतो आणि तोच धुरळा यंत्रांच्या सरकत्या भागांवर बसतो. मग एखाद्या वर्षी मालक जमिनीला सीलर किंवा इपॉक्सीचा लेप देण्याचे ठरवतो.

हा खर्च लहान उद्योजकाच्या दृष्टीने किरकोळ नसतो. साहित्य आणि मजुरीबरोबर काम बंद ठेवण्याचे दिवसही त्यात धरावे लागतात. असे असूनही अनेक ठिकाणी पहिल्याच पावसाळ्यात लेपाला फुगे येतात, ट्रॉलीच्या चाकाखाली पापुद्रे निघतात आणि दोष मालाच्या दर्जाला दिला जातो. प्रत्यक्षात माल चांगला असतानाही लेप निघून येतो, याचे कारण बहुतेक वेळा त्याच्या खाली दडलेले असते. ओल, तेल, सिमेंटची सैल साय आणि धूळ या चार गोष्टींपैकी एक जरी राहिली, तरी लेप काँक्रीटला न चिकटता त्या थराला चिकटतो आणि तो थर सुटला की लेपही सुटतो.

काँक्रीट दिसते तसे भरीव नसते

पूर्वतयारी का करावी लागते हे समजण्यासाठी काँक्रीटची रचना लक्षात घ्यावी लागते. सिमेंट घट्ट होण्यास जेवढे पाणी लागते, त्यापेक्षा अधिक पाणी कालवण्याच्या सोयीसाठी मिसळले जाते. हे जादा पाणी बाहेर पडताना सूक्ष्म छिद्रांचे आणि केशनलिकांचे जाळे मागे सोडते. याच वाटांनी तेल आत जाते आणि जमिनीखालील ओल वर येते.

ओले काँक्रीट घोटताना पाणी वर येते आणि त्याबरोबर सिमेंटचे व वाळूचे अतिसूक्ष्म कण पृष्ठभागावर जमतात. हा थर सुकल्यावर गुळगुळीत दिसतो, पण तो दुबळा असतो. गवंडी कोब्यावर घोटाई करताना वरून कोरडे सिमेंट भुरभुरतो किंवा पाणी शिंपडतो, तेव्हा ही साय अधिकच जाड होते. पुढे जमिनीतून जी पावडर सुटते ती मुख्यतः या सायीची असते. नव्या काँक्रीटवर पुरेसे दिवस पाणी मारले नसेल, तर हा दोष आणखी वाढतो.

मोठ्या शेडमध्ये अलीकडे ट्रिमिक्स पद्धतीची जमीन सर्रास केली जाते. तीत ओल्या काँक्रीटमधील जादा पाणी निर्वात पंपाने शोषून घेतले जाते आणि नंतर यंत्राने घोटाई होते. अशी जमीन टणक असते, मात्र तिचा पृष्ठभाग इतका घट्ट असतो की सीलर आत शिरत नाही. म्हणजे दुबळ्या कोब्याची साय काढावी लागते, तर टणक ट्रिमिक्सची छिद्रे उघडावी लागतात. कारणे वेगळी असली तरी दोन्ही ठिकाणी पृष्ठभागावर काम करणे टळत नाही.

आधी ओळख, मग उपचार

कामाची सुरुवात तपासणीने करावी. त्यासाठी महागडी उपकरणे लागतातच असे नाही. गडद रंगाच्या कापडाने जमीन जोरात पुसल्यास पांढरी पूड किती निघते ते दिसते. खिळ्याने किंवा स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने ओरखडा काढल्यास वरचा थर किती मऊ आहे याचा अंदाज येतो. हातोडीने हलकेच ठोकत गेल्यास जेथे पोकळ आवाज येतो, तेथे वरचा थर खालच्या काँक्रीटपासून सुटलेला असतो. असा भाग तोडून काढणे हाच त्यावरील उपाय होय.

त्यानंतर पाण्याची परीक्षा. जमिनीवर ठिकठिकाणी पाण्याचे थेंब टाकावेत. थेंब पसरून आत जिरला आणि तेथील काँक्रीट गडद झाले, तर छिद्रे खुली आहेत असे समजावे. थेंब मण्यासारखा उभा राहिला, तर पृष्ठभागावर तेल, मेण, जुना सीलर किंवा बांधकामाच्या वेळी फवारलेले क्युअरिंग कंपाउंड असण्याची शक्यता असते. ही परीक्षा सुरुवातीस, धुलाईनंतर आणि घासणीनंतर अशी तीन वेळा केल्यास काम कोठवर आले ते कळते.

भेगांची नोंद स्वतंत्रपणे करावी. काँक्रीट आकसल्यामुळे पडलेली केसाएवढी भेग आणि जमीन खचल्यामुळे किंवा फुगल्यामुळे पडलेली भेग यांत फरक असतो. राज्याच्या बऱ्याच भागात काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पायाभरणीच्या वेळी ती काढून मुरूम आणि दगडाचे सोलिंग नीट केले नसेल, तर वरची जमीन दरवर्षी थोडी हालते. भेगेच्या दोन्ही टोकांवर पेन्सिलीने खूण करून तारीख लिहून ठेवावी. भेगेवर आडवी काचेची पट्टी सिमेंटने चिकटवल्यास हालचाल झाली की ती तडकते. हालणाऱ्या भेगेवर कडक लेप दिला तर तो त्याच रेषेत फाटतो.

अठ्ठावीस दिवसांचा गैरसमज

काँक्रीटची ताकद २८ दिवसांनी मोजतात. त्यावरून २८ दिवसांत काँक्रीट वाळते असा समज रूढ झाला आहे. प्रत्यक्षात ताकद येणे आणि वाळणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. एक इंच जाडी वाळण्यास सुमारे एक महिना, असा ढोबळ हिशेब या क्षेत्रात केला जातो. त्यानुसार सहा इंच जाडीची जमीन पूर्ण वाळण्यास सहा महिनेही लागू शकतात आणि दमट हवेत हा काळ आणखी लांबतो.

जुन्या शेडमध्ये प्रश्न वेगळा असतो. काँक्रीटखाली पॉलिथिनचा जाड कागद अंथरलेला नसेल, तर मातीतील ओल वाफेच्या रूपाने सतत वर येत राहते. उघडी जमीन ही वाफ हवेत सोडून देते, म्हणून ती कोरडी वाटते. तिच्यावर वाफ अडवणारा लेप बसला की ओल लेपाखाली साचते आणि फुगे येतात. जमिनीच्या कडेला किंवा सांध्यांवर पांढरे क्षार दिसत असतील, तर खालून पाणी येत असल्याची ती खूण असते. नुसते ब्रशने झाडून तो लोणा कायमचा जात नाही.

यासाठी एक सोपी परीक्षा आहे. पारदर्शक प्लॅस्टिकचा १८ इंच लांब-रुंद तुकडा जमिनीवर ठेवून त्याच्या चारही कडा चिकटपट्टीने हवाबंद कराव्यात. किमान १६ तासांनी, शक्यतो पूर्ण एक दिवसाने तो उचलून पाहावा. प्लॅस्टिकच्या आतील बाजूस थेंब दिसले किंवा खालचे काँक्रीट गडद झाले, तर वाफ अडवणारा लेप देण्याची वेळ आलेली नाही. अर्थात ही परीक्षा केवळ धोक्याची सूचना देते. थेंब न दिसणे म्हणजे जमीन निश्चित कोरडी असणे नव्हे. मोठ्या आणि खर्चिक कामात काँक्रीटला भोक पाडून आत आर्द्रतामापक ठेवतात आणि खोलवरची सापेक्ष आर्द्रता मोजतात.

हवामानाचाही येथे मोठा वाटा आहे. पावसाळ्यात जमिनीखालील ओल वाढलेली असते आणि हवाही दमट असते. हवेतील बाष्प ज्या तापमानाला पाण्यात रूपांतरित होते त्यास दवबिंदू म्हणतात. जमिनीचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश सेल्सिअसने अधिक असावे, असा नियम लेपाच्या कामात पाळला जातो; अन्यथा डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा थर पृष्ठभागावर बसतो. म्हणून दिवाळीनंतर ते उन्हाळ्याच्या मध्यापर्यंतचा काळ या कामास सोयीचा ठरतो. उन्हाळ्यात सकाळी तापत जाणाऱ्या जमिनीवर लेप दिल्यास छिद्रांतील हवा प्रसरण पावून बाहेर येते आणि लेपाला बारीक भोके पडतात. जमीन निवू लागते तेव्हा, म्हणजे दुपार उलटल्यावर, काम करणे इष्ट.

तेलावर आम्ल चालत नाही

यंत्रशाळेत सर्वांत जिकिरीचे काम तेल काढण्याचे असते. कटिंग ऑइल, हायड्रॉलिक ऑइल आणि ग्रीस वर्षानुवर्षे जमिनीत मुरलेले असते. डाग घालवण्यासाठी अनेक जण थेट ॲसिड ओततात. परंतु आम्ल तेलाला विरघळवत नाही. उलट तेलाचा थर आम्लाला काँक्रीटपर्यंत पोचू देत नाही. त्यामुळे तेल आधी आणि बाकी सर्व नंतर, हा क्रम मोडता येत नाही.

प्रथम पत्र्याच्या किंवा लोखंडी पट्टीने साचलेले ग्रीस खरवडून काढावे. ओल्या तेलावर लाकडाचा भुसा पसरून तो गोळा करावा. मग अल्कलीयुक्त औद्योगिक डीग्रीझर गरम पाण्यात मिसळून जमिनीवर ओतावे, काही वेळ मुरू द्यावे आणि ताठ ब्रशने किंवा घासणी यंत्राने घासावे. फेसाळलेले मळके पाणी जागेवर सुकू न देता ओढून किंवा ओल्या व्हॅक्यूमने शोषून घ्यावे, कारण ते सुकले तर तेल पुन्हा छिद्रांत उतरते. स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा धुऊन झाल्यावर थेंबाची परीक्षा करावी आणि गरज वाटल्यास सारी प्रक्रिया पुन्हा करावी.

रॉकेल किंवा पेट्रोलने जमीन पुसण्याची पद्धत दोन कारणांनी टाळावी. बंद शेडमध्ये तिने आगीचा धोका निर्माण होतो, शिवाय पातळ झालेले तेल आणखी खोल जाते. धुलाईनंतर एक-दोन दिवसांनी काही जागी तेल पुन्हा वर येते. तेथे शोषक पूड आणि डीग्रीझर यांचा घट्ट लगदा थापून, प्लॅस्टिकने झाकून, दुसऱ्या दिवशी काढतात. इतके करूनही तेल येतच राहिले, तर तेवढा भाग कापून नवे काँक्रीट भरणे शेवटी स्वस्त पडते.

तेलकट पाणी आणि तेलाने भिजलेला भुसा पावसाच्या पाण्याच्या गटारात सोडणे योग्य नव्हे. २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेल्या तेलाचा समावेश आहे. ते वेगळे साठवून अधिकृत यंत्रणेकडेच द्यावे लागते.

ॲसिड की घासणी यंत्र?

तेल निघाल्यावर पृष्ठभाग खडबडीत करण्याचा टप्पा येतो. यासाठी दोन मार्ग आहेत. पहिला, हायड्रोक्लोरिक आम्ल पाण्यात पातळ करून जमिनीवर पसरण्याचा. बाजारात मिळणाऱ्या तीव्र आम्लाच्या एका भागास साधारणपणे तीन ते चार भाग पाणी घेतात. आम्ल नेहमी पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही ओतू नये. आम्ल सिमेंटमधील चुन्याशी संयोग पावते, फेस येतो आणि वरची साय सुटते.

ही पद्धत स्वस्त आहे, परंतु यंत्रशाळेसाठी ती गैरसोयीची ठरते. आम्लाच्या वाफांनी जवळच्या लेथ, ड्रिल आणि मोजमापाच्या साधनांवर गंज चढतो. या क्रियेत तयार होणारे कॅल्शियम क्लोराइड ओलावा शोषून धरते. ते पूर्ण धुऊन निघाले नाही तर लेपाची पकड जाते आणि भेगांतून आत गेलेले क्लोराइड सळ्यांना गंजवते. आम्ल वापरलेच तर नंतर खाण्याच्या सोड्याच्या द्रावणाने ते उदासीन करून भरपूर पाण्याने धुवावे आणि लिटमससारख्या कागदाने खात्री करून घ्यावी. नंतर जमीन वाळण्यास पुन्हा काही दिवस द्यावे लागतात. रबरी हातमोजे, बूट, डोळ्यांवर बंद चष्मा आणि मोकळी हवा यांविना हे काम करूच नये.

दुसरा मार्ग यांत्रिक आहे. हिऱ्याच्या कणांची चकती असलेले घासणी यंत्र किंवा पोलादी छर्रे मारणारे यंत्र वापरून साय काढली जाते. पृष्ठभाग किती खडबडीत हवा, हे लेपाच्या जाडीवर ठरते. अमेरिकेतील इंटरनॅशनल काँक्रीट रिपेअर इन्स्टिट्यूट या संस्थेने त्यासाठी १ ते १० क्रमांकांचे नमुने तयार केले असून त्यांत १ क्रमांक जवळजवळ गुळगुळीत, तर १० अत्यंत खडबडीत असतो. सीलर आणि पातळ लेपांसाठी १ ते ३ क्रमांकाचा पृष्ठभाग पुरतो. हाताला मध्यम सँडपेपरसारखा स्पर्श जाणवला की पातळ लेपास तो योग्य समजतात. त्याहून खोल घासल्यास साहित्य अधिक लागते आणि यंत्राच्या रेषा लेपातून दिसतात.

धुळीची किंमत कामगाराच्या फुप्फुसात

कोरड्या घासणीत उडणारी धूळ हा या कामातील सर्वांत गंभीर धोका आहे. काँक्रीटमधील वाळू आणि खडीत स्फटिकरूप सिलिका असते. तिचे अतिसूक्ष्म कण श्वासावाटे फुप्फुसात खोलवर जातात आणि तेथे व्रण निर्माण करतात. त्यातून होणारा सिलिकोसिस हा रोग बरा होत नाही. धुळीपासून दूर गेल्यावरही तो वाढू शकतो आणि त्याच्या रुग्णाला क्षयरोगाचा धोका अधिक असतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमातील व्यवसायजन्य रोगांच्या यादीत त्याचा समावेश करण्यात आला होता. अमेरिकेने २०१६ मध्ये आठ तासांच्या कामासाठी हवेतील अशा सिलिकेची मर्यादा घनमीटरमागे ५० मायक्रोग्रॅम इतकी खाली आणली, यावरून धोक्याची कल्पना येते.

तोंडाला बांधलेला रुमाल हे कण अडवू शकत नाही. घासणी यंत्राला भोवती आच्छादन आणि सूक्ष्म गाळणी असलेला व्हॅक्यूम जोडणे, किंवा ओली घासणी करणे, हे खरे उपाय होत. त्यांच्या जोडीला चेहऱ्यावर घट्ट बसणारा, किमान एन-९५ दर्जाचा मास्क हवा. काम झाल्यावर झाडू मारणे किंवा दाबाखालील हवेने धूळ उडवणे टाळावे. ठेकेदाराचा दर कमी असतो, तेव्हा पुष्कळदा व्हॅक्यूमच वगळलेला असतो. ज्या मजुराच्या हाती यंत्र असते तो एका शेडमध्ये दोन दिवस काम करतो, पण अशा शेड त्याच्या वाट्याला वर्षभर येत असतात. मालकाने व्हॅक्यूमचा आग्रह धरणे हे म्हणूनच केवळ स्वच्छतेपुरते नाही.

हीच धूळ यंत्रांनाही घातक असते. लेथच्या बेडवर आणि बेअरिंगमध्ये गेलेली सिलिका पॉलिश कागदासारखी घासत राहते. यंत्रे हलवता येत नसतील तर ती प्लॅस्टिकने पूर्ण झाकून, कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात. शेड दोन भागांत विभागून मध्ये पडदा लावल्यास निम्मे काम चालू ठेवता येते.

भेगा, सांधे आणि योग्य सीलर

घासणी झाल्यावर लपलेल्या भेगा व खड्डे उघडे पडतात. स्थिर भेग थोडी रुंद कापून, धूळ काढून इपॉक्सीने भरतात. खड्डे इपॉक्सी आणि कोरड्या वाळूच्या मिश्रणाने भरून पुन्हा घासून समपातळीत आणतात. मात्र काँक्रीटमध्ये मुद्दाम कापलेले सांधे ताठ इपॉक्सीने बुजवू नयेत. काँक्रीटचे आकसणे त्या रेषेत व्हावे म्हणूनच ते जाडीच्या साधारण एक चतुर्थांश खोलीपर्यंत कापलेले असतात. त्यांत किंचित लवचीक असलेले सांधाभरण वापरतात.

यानंतर कोणता सीलर द्यावा, याचा निर्णय तपासणीच्या निष्कर्षांवर घ्यावा. केवळ पावडर थांबवायची असेल, तर सोडियम किंवा लिथियम सिलिकेटचे द्रावण पुरेसे होते. ते सिमेंटमधील मोकळ्या चुन्याशी संयोग पावून छिद्रांतच कठीण संयुग तयार करते. ते पापुद्रा बनवत नसल्याने निघून येण्याचा प्रश्न नसतो आणि जमिनीतील वाफही अडत नाही. मात्र तेल पूर्णपणे रोखण्याची अपेक्षा त्याच्याकडून करता येत नाही. तेल आणि रसायनांपासून संरक्षण हवे असेल, तर इपॉक्सी किंवा पॉलियुरेथेनचा लेप लागतो आणि त्यासाठी जमीन कोरडी असणे अनिवार्य ठरते. इपॉक्सी उन्हात पिवळी पडते, त्यामुळे शटरजवळच्या उघड्या भागात हा विचार करावा. चकचकीत लेपावर तेल सांडले की पाय घसरतो. म्हणून ये-जा असलेल्या जागी ओल्या लेपावर बारीक वाळू भुरभुरून पकड निर्माण करतात.

ठरवण्यापूर्वी काय विचारावे?

ठेकेदाराकडून दर मागवताना प्रति चौरस फूट लेपाचा भाव विचारण्याऐवजी कामाचा क्रम लेखी मागवावा. तेल काढण्याच्या फेऱ्या किती, ओलीची परीक्षा कोणती, घासणी कोणत्या यंत्राने, व्हॅक्यूम आहे की नाही, सांधे कशाने भरणार आणि प्रत्येक टप्प्यानंतर वाळण्यास किती वेळ देणार, हे त्यात स्पष्ट असावे. दोन दरपत्रकांतील तफावत पुष्कळदा याच बाबींत असते.

संपूर्ण जमिनीवर काम सुरू करण्यापूर्वी सर्वांत तेलकट आणि सर्वांत ओलसर अशा दोन कोपऱ्यांत लहानसा नमुना लेप द्यावा. आठवडाभराने तो सुरीने कापून, त्यावर चिकटपट्टी दाबून ओढून पाहावी. मोठ्या कामात लेपाला धातूची चकती चिकटवून ती यंत्राने ओढतात. चौरस मिलिमीटरला दीड न्यूटनपर्यंत पकड टिकावी, अशी अट सामान्यपणे घातली जाते. चकतीबरोबर काँक्रीटचा भक्कम तुकडा निघाला तर पूर्वतयारी योग्य झाली असे समजतात. नुसता लेप स्वच्छ निघून आला, तर तेल, ओल किंवा साय यांपैकी काहीतरी शिल्लक आहे. तेव्हा थांबून तो टप्पा पुन्हा करण्यात चार दिवस जातात. संपूर्ण लेप निघाल्यावर तो खरवडण्यासाठी मात्र शेड पुन्हा बंद ठेवावी लागते आणि दुसऱ्या वेळचा खर्च पहिल्यापेक्षा जास्त येतो.